चक्कीवरचं पान

आमच्या घरात आम्ही चौघे राहत होतो आणि त्यांपैकी तिघांना मी न विचारता प्रसिद्ध केले.

ही गोष्ट मी वीस वर्षे कोणाला सांगितली नाही. मी तसा अबोलच. कचेरीत शेजारी बसणाऱ्या माणसाला माझे लग्न झाल्याचे सहा महिन्यांनी कळले, तेही डब्यातली भाजी बदलली म्हणून! पण अबोल माणसाच्या पोटात बडबड फार साठते. तोंडाने निघत नव्हती, म्हणून मी लिहायचे ठरवले. आणि लिहिले की कोणीतरी वाचावे, ही तर त्याहून मोठी हौस.

वाचक आणायचे कुठून? नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या गल्लीचा मी नीट विचार केला. देवळात लोक डोळे मिटतात. सलूनमध्ये बोलत बसतात. एका जागी निमूट उभी राहणारी माणसे फक्त गुलाबरावांच्या पिठाच्या चक्कीवर! दळणाचा नंबर लागेपर्यंत अर्धा-पाऊण तास, घरघरीत बोलायची सोय नाही आणि समोर कोरी भिंत. त्या भिंतीवर मी रोज पहाटे, दूध आणायला जाताना, हाताने लिहिलेले एक पान चिकटवू लागलो. खाली सही ‘एक गल्लीकर’. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळे डाव्या हाताने. (कचेरीत मधल्या सुट्टीत माझे हे डावे लिखाण पाहून साहेबांनी उजव्या मनगटासाठी तेलाची बाटली आणून दिली. मी ती इमानदारीने संपवली!)

पहिला लेख ‘वेळेचा सदुपयोग’. दुसरा ‘शिस्तीचे महत्त्व’. तिसरा ‘वेळेचा सदुपयोग, भाग दोन’, कारण तोवर विषय संपले होते. या तिन्ही लेखांना मिळून एक वाचक लाभला. बकरी. पान कणकेच्या खळीने चिकटवलेले असल्यामुळे तिने ‘शिस्तीचे महत्त्व’ शेवटच्या ओळीपर्यंत संपवले आणि पुढच्या अंकासाठी भिंतीकडे बघत उभी राहिली.

चौथ्या दिवशी काहीच सुचेना. घरात मात्र आई आणि माझी बायको सुशीला यांची वांग्याच्या भाजीवरून जुंपली होती.

“काय वं, ही भाजी हाय का दवाखान्यातला काढा?” आई म्हणाली.

“तुमच्यासारखं तिखट टाकलं तर बंबच बोलवा लागंन, आई!”

मी ते जसेच्या तसे लिहून काढले. नावे नाहीत, नुसते ‘एक सासू’ आणि ‘एक सून’. संध्याकाळी चक्कीवर गेलो, तर गुलाबराव ओरडत होते, “दळण झालं ना गा तुमचं? मग निघा ना!”

“थांब ना गा! सून काय म्हनते, थे वाचून राह्यलो!”

माझे पाय जमिनीवर ठरेनात! आठ दिवसांत ही गर्दी. पाच पायल्या एकदम दळून नेणारे लोक रोज एकेक पायली आणू लागले. ज्यांना वाचता येत नव्हते ते वाचणाऱ्याचा डबा उचलून देऊ लागले. मी तिसरा माणूसही छापून टाकला. सुशीलेचा धाकटा भाऊ मनोहर मास्तरकीच्या ट्रेनिंगसाठी खापा गावाहून आमच्याकडे राहायला आला होता. न्हाणीघरात मोठमोठ्याने पाढे म्हणणारा ‘एक साळा’ गल्लीला एवढा आवडला, की लोक त्याची चौकशी करू लागले.

आणि मग घात झाला. घरात शांतता पसरली! सासू-सून एकमेकींच्या केसांना तेल लावू लागल्या. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी भिंत कोरी, आणि चक्कीवर लोक हळहळताहेत, “काय झालं बुवा? मेली का सासू?” सांगायला लाज वाटते, पण त्याच संध्याकाळी मी सुशीलेच्या वांग्यात मूठभर मीठ टाकले. तेवढ्याने नुसती कुरकुर झाली. मग मी आईचा तांदूळ निवडायचा चष्मा सुशीलेच्या ट्रंकेत ठेवला.

चार दिवसांचा मजकूर मिळाला!

पण आईने या वेळी जाहीर केले, “मी या घरात अन्नाले शिवत नाई.” आणि ती खरेच उपाशी बसली. दुसऱ्या दिवशी माझे मन मला खाऊ लागले. कबूल करावे म्हणून मी देवघराकडे गेलो, तर आई देवांकडे पाठ करून, निळ्या झाकणाच्या डब्यातून चिवड्याचे बकाणे भरत होती. मुलाने अशा वेळी काय करावे? गुपचूप मागे फिरावे. मीही फिरलो. फिरून थेट लिहायला बसलो! ‘उपोषणाचा चिवडा’. आयुष्यात त्याहून चांगले मी काही लिहिलेले नाही.

दुसरा दिवस रविवार. लोक हसतात कुठे कुठे, हे ऐकायला मी चक्कीतल्या ज्वारीच्या पोत्यांआड जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात दळणाचा डबा डोक्यावर घेतलेला मनोहर आत आला आणि त्याच्यामागे आई!

“काय हाय रे भितीवर? मलेही वाचून दाखव,” आई त्याला म्हणाली. तिला अक्षरओळख नव्हती.

मनोहरचा आवाज खणखणीत. तो रंगून वाचू लागला. आई पदर तोंडाला लावून हसत होती. “बाप्पा! काय भामटी बुढी हाय वं ही! देवाकडे पाठ करून खाते!” तिने शेजारणीच्या पाठीवर थाप मारली. शेजारीण हसली नाही. मग मनोहरने वाचले, “...निळ्या झाकणाचा डबा...” आणि तो थांबला. आई थांबली. चक्कीसुद्धा थांबली, कारण गुलाबरावांनी पट्टा काढला होता. सगळी चक्की आईकडे बघत होती. ही सासू कोणाच्या घरची, हे त्यांना पहिल्या वांग्यापासूनच माहीत होते!

घरी न्यायालय भरले.

“एवढं भडाभडा तुलेच काहून वाचता आलं?” आईने मनोहरला विचारले. “पाठ होतं काय?”

“मावशी, मी माह्यावरच काहून लिहीन? पाढ्यावालं तर माह्यावरच होतं, आता समजलं!”

“संशय येऊ नाई म्हून!”

तेवढ्यात गुलाबराव ते पान घेऊन आले. “अक्षर डावखोऱ्याचं हाय, बाई. पाहा ना, सगळं लवंडलं हाय.”

मनोहर डावखोरा होता. माझी सगळी सावधगिरी त्या पोराच्या गळ्यात जाऊन पडली! सुशीला रडू लागली. आई म्हणाली, “आजच्या आज खाप्याले.” ट्रेनिंगला अजून चार महिने बाकी होते. आता बोललो नाही तर त्याची मास्तरकी जाईल, हे मला स्वच्छ दिसत होते. मी तोंड उघडले आणि म्हणालो, “मनोहर, चूक कबूल केली की माणूस मोठा होतो.”

मनोहर माझ्याकडे बघतच राहिला. मीही बघितले. भिंतीकडे.

बस स्टँडवर त्याला मीच सोडायला गेलो. सायकलच्या कॅरिअरवर त्याची ट्रंक, आणि कबुली आता द्यावी की बस लागल्यावर, हे मी वाटभर ठरवत होतो. बस लागली. तो म्हणाला, “भाऊजी, कोनी का लिहिलं असंना, लिहिलं मात्र झकास.” हीच वेळ होती! मी त्याचा हात धरला, जवळ गेलो आणि विचारले, “कोणतं जास्त आवडलं?”

“चिवड्याचं,” तो म्हणाला. बस गेली.

चार महिने तो पोरगा खाप्याहून रोज येऊन-जाऊन ट्रेनिंग करत राहिला. त्याच्याआधी त्याची कीर्ती मात्र गावात पोचली होती. नागपूरला पेपर लिहीत होता म्हणे! गावाने त्याला लिहायलाच लावले. शाळेच्या फळ्यावर, मग दिवाळी अंकांत, मग पुस्तकांत. परवा खाप्यात त्याचा सत्कार झाला. पहिल्या रांगेत आई बसली होती आणि दिसेल त्याला सांगत होती, “माह्याच घरी शिकला थो लिहाले. माह्यावरच हात बसवला!”

मला राहवले नाही. मी उभा राहिलो. वीस वर्षांत पहिल्यांदाच चारचौघांत बोललो, “चक्कीवरची पानं मनोहरने नाही, मी लिहिली. मीठ मी टाकलं. चष्माही मीच लपवला!”

मग सगळा मांडव हसू लागला. एवढा हशा तर चिवड्यालाही मिळाला नव्हता!

“बस खाली, बाप्पा,” आई म्हणाली. “तुले बोलता येत नाई, लिहिता कुठून येईन?”

“अवो, माह्या भावावर जळता काहून?” सुशीला कुजबुजली.

चहाच्या वेळी मनोहरने मला बाजूला घेतले. “भाऊजी, मले तर त्याच दिवशी समजलं होतं. कोणतं आवडलं, हे लिहिनाऱ्याशिवाय कोन विचारते?”

“मग बोलला का नाहीस?”

“ताईचं घर होतं ना थे.” त्याने कपबशी खाली ठेवली. “राग नाई, भाऊजी. पन एक करा. ‘वेळेचा सदुपयोग’ आन् ‘शिस्तीचे महत्त्व’ गुलाबरावानं मथळे सांगतले तवापासून, वीस वर्षं झाली, लोक माह्या नावावर धरून राह्यले. भाग दोनसकट! तेवढं माह्यावरून उतरवा.”

म्हणून हे जाहीर लिहितो आहे. चिवडा मनोहरचाच राहू द्या, आता कोणी मानतही नाही. पण ते तीन लेख माझे आहेत, शब्दन्‌शब्द माझे. पुरावा एवढाच देऊ शकतो, की ते आवडीने संपवणारी एक वाचक होती. ती आता हयात नाही, आणि तिच्या जाण्याशी ‘भाग दोन’चा काही संबंध नसावा, अशी माझी प्रामाणिक समजूत आहे.