पिशवीतली कात्री

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला मात्र क्रमाने सांगेन. तीस वर्षं शाळेत हस्तकला शिकवल्याची ती सवय आहे.

कडक प्लॅस्टिकचं पाकीट सुरीने उघडू नये. जाड पात्याची कात्री घ्यावी, कडेपासून बोटभर आत कापत जावं, आणि पाकीट धरलेला हात पात्याच्या वाटेत कधीही येऊ देऊ नये. हा नियम मी किती वर्गांकडून घोकून घेतला असेल? आणि त्या दुपारी — पण आधी शालिनीबद्दल सांगायला हवं.

शालिनी माझी धाकटी जाऊ. लालबागच्या चाळीत आमचे दोन संसार एकाच खोलीत, मध्ये पडदा. संप झाला, दोन्ही भावांचं काम गेलं. माझा नवरा गिरणी उघडायची वाट पाहत राहिला. तिचा आखातात फिटर म्हणून गेला. पुढे त्याच्याकडून वस्तू येऊ लागल्या आणि पडद्याच्या पलीकडे शेजारणी जमू लागल्या. मला काय हवं होतं? त्या वस्तू? नाही — पडदा सारताना तिच्या चेहऱ्यावर असायचा तो निर्धास्तपणा. हेवा. दुसरा शब्द नाही.

त्या दुपारी मी शाळेतून आले तेव्हा तिच्या हातात एक पाकीट होतं. आत लाल मुठीची परदेशी कात्री.

"वैनी, तुमच्यासाठी मागवली. पोरांना शिकवायला."

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? पण देणारीही तीच आणि घेणारी मी — एवढंच मनात आलं.

प्लॅस्टिक नखांना दाद देईना. ती हसली. "कात्रीच्या सुटकेला कात्रीच पाहिजे, बघा! तुमची शाळेतली द्या की."

"शाळेत राहिली," मी म्हणाले.

ती माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती.

मी सुरी दिली. हातात नव्हे — हातात सुरी दिली की भांडण होतं, म्हणून रीतीप्रमाणे जमिनीवर ठेवली, तिने उचलली. डाव्या हातात पाकीट धरून ती सुरी स्वतःकडे ओढू लागली. मी पाहत होते. 'थांब' — वर्गात रोज उच्चारलेला तो एक शब्द मी उच्चारला नाही. घसरू दे, जरा रडू दे, असं वाटलं होतं का? होय. वाटलं होतं.

अंगठ्याच्या मुळाशी खोल कापलं. जखम भरली, अंगठा पुन्हा वाकला नाही. गौरीच्या सणाला साऱ्या चाळीच्या वेण्या ती गुंफायची — फुलं दाबून धरायला तोच अंगठा लागायचा. आता वेण्या मी गुंफते, दोरा त्या लाल मुठीच्या कात्रीने कापते. शालिनी शेजारी बसून फुलं निवडून देते.

"आम्हा जावांचं कधी वाजलं नाही गं," ती चाळीतल्या नव्या सुनांना सांगते. "वैनींनी सुरी कधी हातात दिली नाही. खालीच ठेवायच्या."

मी मान डोलावते.