स्टेशनसमोर अडवलेली मोटार

पेट्रोलचा वास आला की बेळगाव स्टेशनसमोरची ती सकाळ आठवते. आगगाडीच्या उतारूंना शहरात नेणारी सर्व्हिस मोटार नुकतीच सुरू झाली होती. टांगेवाल्यांनी घोडे आडवे घालून ती अडवली. लोंढ्याहून आलेली माझी गाडी उशिरा पोचली होती आणि कॉलेजची परीक्षा होती, म्हणून मी मोटारीत बसलो होतो.

"उतरा समदी! आमच्या पोटावर बसलाय न्हवं?" सर्वांत पुढच्या टांग्यावरून माझे वडील, आप्पा, ओरडत होते. तेवढ्यात त्यांना मी दिसलो. त्यांनी घोडा बाजूला घेतला आणि मोटारीला वाट मिळाली.

"व्हय रं, लेक सायेब झाला तुझा!" मागून कुणीतरी थुंकून म्हणालं.

परीक्षेला वेळेत पोचलो, याचाच मला तेव्हा आनंद झाला. ते आता लिहितानाही लाज वाटते. दुसऱ्या दिवसापासून अड्ड्यावरच्या रांगेत आप्पांचा टांगा कुणी उभा राहू दिला नाही.