गोठ्याखालची खोली

घरात खुर्चीवर बसून, हात न लावता, काही कोस लांबचा गोठा पाडणारी बाई तुम्ही कधी पाहिली का? नाही ना? मग नीट पाहून घ्या. समोर बसलीय. चहा गार होऊ देऊ नका, आणि मधे मधे "मग मामी काय म्हणाल्या?" असं विचारू नका. मामींचं येईलच. मामींचं न येता कसं चालेल!

मी राहते रिसोडला आणि काम करते घरूनच, कॉम्प्युटरवर. काय काम, हे सांगायला गेलं की समोरचा जांभई देतो, म्हणून थोडक्यात सांगते. जमिनीच्या पोटात काय आहे ते दाखवणारं एक मशीन असतं. लहान बाळाच्या ढकलगाडीसारखं दिसतं. ते जमिनीवरून फिरवलं की आतलं चित्र निघतं. चपटा फोटो नाही बरं का! लांबी, रुंदी, खोली, सगळं असलेला अख्खा ठोकळा. आणि हा ठोकळा इतका अवजड की साध्या कॉम्प्युटरवर उघडायला जावं तर कॉम्प्युटरच बसकण मारतो.

मग मी काय करते? त्या ठोकळ्याच्या एकसारख्या मापाच्या विटा पाडते. शिवाय त्याच्या ढोबळ, हलक्या प्रतीही बनवते. दुरून बघितलं की ढोबळ प्रत दिसते, बोटांनी मोठं केलं की तेवढ्याच जागेच्या बारीक विटा उघडतात. मोबाईलच्या नकाशावर आधी जिल्हा दिसतो, मग गाव, मग आपली गल्ली. तसंच, पण जमिनीखाली.

समजलं? नसेल समजलं तरी हो म्हणा. माझा नवरा इतकी वर्षं तेच करतोय.

तर रिठदच्या अलीकडे माझ्या मामाचं गाव. तिथे पाण्याची टाकी बांधायची होती. जमीन भक्कम आहे का हे बघायला ठोंबरे मॅडम नावाच्या तपासनीस आल्या. त्यांनी मशीन फिरवलं. जागेला लागूनच मामाचा गोठा, म्हणून म्हैस बाहेर बांधून गोठ्यातूनही फिरवलं. आणि सांगून टाकलं की खाली सगळा कातळ आहे, खुशाल टाकी बांधा.

पण टाकी समितीचे अध्यक्ष कोण? आमचेच पंजाबमामा! त्यांचं म्हणणं, "मॅडम, कातळ हाय तं मले दिसला पायजे. मोबाईलवर दाखवा." मॅडम म्हणाल्या, मोबाईलवर उघडणार नाही. मामा म्हणाले, "उघडते कसं नाही? माही भाची हाय ना!"

झालं. ठोकळा माझ्याकडे आला.

दोन दिवस विटा पाडणं चालू होतं. मधे एकदा लाईट गेली. आली तेव्हा काम थांबलं होतं तिथून पुढे चालू केलं. सगळं झाल्यावर ऐटीत चित्र उघडलं. माती तपकिरी, दगड पांढुरका, आणि काही पोकळ असेल तर काळं, असे रंग दिले होते.

आणि मला दिसलं काळं.

गोठ्याच्या बरोबर खाली. चौकोनी! मी जवळ गेले. दुसरीकडे जवळ जावं तसे दगडाचे कोपरे वेडेवाकडे होत जात होते, पण या काळ्या चौकोनाच्या कडा आणखीच धारदार! आणखी जवळ गेले. ओळंबा लावल्यासारख्या सरळ भिंती! नऊ फूट लांब, नऊ फूट रुंद, नऊ फूट उंच. निसर्ग कधी एवढा काटकोनात वागतो का? तुम्हीच सांगा!

शहाण्या माणसाने अशा वेळी मॅडमना फोन केला असता. मी मामाला केला.

"मामा, तुमच्या गोठ्याखाली खोली आहे!"

"खोली? कायची खोली?"

"बांधलेली. चार भिंती, वर छत. नऊ फुटांवर छत लागतं."

मामा फोन घेऊन गोठ्यात गेले असावेत, कारण मला म्हशीचं रवंथ ऐकू आलं. मग मामा हळूच म्हणाले, "गोठ्याखाली म्हंजे... माह्या जागेत ना?"

"हो."

"टाकीच्या जागेत तं नाही ना?"

"नाही."

"मंग कोनाले बोलू नको, वैशे. मॅडमले तं बिलकुल नाही. आदी आपन पाहू."

मी कोणालाच बोलले नाही. मामा फक्त मामीला बोलले. मामी फक्त किराणा दुकानात बोलल्या. आणि दुकानदार पारसशेठ तर मोठे विश्वासू, त्यांनी दुकानात येणाऱ्यांनाच तेवढं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोलीचं भुयार झालं होतं. संध्याकाळी ते भुयार थेट मंगरूळपीरला निघत होतं! आतून दोन घोडेस्वार शेजारी शेजारी जातील एवढं रुंद. मी बापडी नऊ फुटांवर ठाम होते, पण मला विचारतं कोण? एका म्हाताऱ्या आजोबांना आठवलं की त्यांच्या आजोबांनी त्या भुयारात बैलजोडी हरवली होती. मामाच्या धाकट्या भावाने वाटणीची आठवण काढली. "गोठा तुहा असन दादा, पन खालची जागा सामायिक हाय!" दोघं भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. खोलीत काय आहे हे ठरायच्या आत तिची वाटणी करून मोकळे!

मामींचा मला फोन. "वैशाली, तुह्या त्या चित्रात भांडे दिसून राह्यले काय वं? सासूबाईचा तांब्याचा हंडा सापडून नाही राह्यला कईपासून."

खरं सांगू? मला त्या वेळी एवढं मोठं वाटत होतं! आयुष्यात पहिल्यांदा माझं काम लोकांना समजलं होतं. मी हंड्यासाठी पुन्हा एकदा चित्र बघितलं. हो, बघितलं! आणि म्हणाले, "मामी, आत नुसता अंधार आहे."

"बंद खोलीत अंधारच राह्यते, माय," मामी म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी रिसोडहून गावात पोचले तेव्हा गोठ्याचे टिनाचे पत्रे बाजूला रचलेले, खांब उपटलेले, आणि मधोमध जेसीबी उभा. अख्खा गाव जमलेला. पारसशेठनी स्वतः नारळ फोडला. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन खुर्चीवर बसले आणि एखाद्या सेनापतीसारखी बोट दाखवत होते. "जरा डावीकडे. अजून. बस्स!"

पाच फूट. माती. सात फूट. मुरूम. नऊ फूट. खण्णकन आवाज झाला!

"छत!" मामा ओरडले. सगळे पुढे झाले. धाकटा भाऊ तर खड्ड्यात उतरलाच. त्याने हाताने माती झाडली, ठोकून बघितलं आणि वर तोंड करून म्हणाला, "दादा, गोटा हाय."

"मंग छत काय कागदाचं राह्यते? फोड!"

फोडला. खाली गोटा. तो फोडला. त्याच्याखाली त्याचाच मोठा भाऊ. बारा फुटांवर जेसीबीचा दात तुटला. ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं.

एवढ्यात गर्दीतून ठोंबरे मॅडम आल्या. टाकीची आखणी करायला आल्या होत्या बिचाऱ्या. त्यांनी खड्डा पाहिला, पत्रे पाहिले, ओसरीवर बांधलेली म्हैस पाहिली. मग शांतपणे मला विचारलं, "हे कशासाठी?"

मी चित्र दाखवलं. त्यांनी गाडीतल्या त्यांच्या दणकट कॉम्प्युटरवर मूळचं उघडलं. त्यात त्या जागी पांढराशुभ्र कातळ!

"तुमच्या खोलीचं माप काय म्हणालात?"

"नऊ बाय नऊ बाय नऊ फूट."

"आणि तुम्ही या ठोकळ्याच्या विटा पाडल्या, त्यातल्या एका विटेचं माप काय?"

मी उत्साहाने तोंड उघडलं. "नऊ बाय नऊ बाय..."

पुढचा नऊ म्हणायच्या आत मी विटांची यादी उघडली.

लाईट गेली होती ना मधे? त्या क्षणी जी वीट पाडणं चालू होतं, ती कोरीच राहिली. कोरी म्हणजे शून्य, शून्य म्हणजे काळं, आणि काळं म्हणजे, माझ्याच नियमाने, पोकळ! ढोबळ प्रतीही त्याच कोऱ्या विटेवरून बनल्या, म्हणून दुरून बघा की जवळून, खोली आपली जागच्या जागी. गावात त्या दिवशी एकच गोष्ट पोकळ होती, आणि ती खुर्चीवर बसलेली होती.

"काय झालं वं?" मामांनी विचारलं.

"मामा, ती खोली नव्हती. माझी एक वीट राहिली होती."

मामा पत्रे मोजायला लागले. मामी मात्र बोलल्या. काय बोलल्या ते इथे सांगण्यासारखं नाही; म्हशीने सुद्धा मान फिरवली. "एक वीट राह्यली म्हून माहा आख्खा गोठा पाडला?" हे शेवटचं वाक्य तेवढं सभ्य होतं.

पुढचे दोन रविवार मी आणि माझा नवरा गावात होतो. तो खांब रोवत होता, मी पत्रे धरत होते. गोठा उभा राहिला, पण थोडा सरकवून. कारण जुन्या जागी बारा फुटांचा खड्डा! बुजवायला माती पुरेना. निम्मी तर लोकांनी "भुयाराची माती" म्हणून तुळशीला नेली होती. शेवटी समितीने डोकं लढवलं. गल्लीतलं सांडपाणी रस्त्यावर येतंच होतं. खड्ड्यात दगडगोटे भरले, वर वाळू टाकली आणि त्याचा शोषखड्डा केला. एका दगडात बारा मोऱ्यांची सोय! मामाचा धाकटा भाऊ सुद्धा बोलायला लागला, कारण सांडपाण्यात वाटणी मागायची त्याची तयारी नव्हती.

आणि मग मामांचा फोन आला. "वैशे, उद्घाटनाले ये. फीत तुह्याच हातानं कापाची हाय."

मी गेले. तिथे बोर्ड लावलेला, झेंडूच्या माळा घातलेल्या. बोर्डवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'सौ. वैशालीताई शोषखड्डा'.

"मामा, हे काय!" मी रडकुंडीला आले. "सांडपाण्याच्या खड्ड्याला माझं नाव?"

मामांनी छाती फुगवली. डोळ्यांत खरंच पाणी होतं हो त्यांच्या.

"आपल्या खानदानात कोनाच्या नावाचा चौक नाही, रस्ता नाही, शाळा नाही," ते म्हणाले. "पह्यलं नाव तुहंच लागलं, वैशे. रडू नको. काप फीत, मोऱ्या तुंबून राह्यल्या!"