न दुखणारा खडा

आमच्या घरात किडनीचा एकच आजार माहीत होता: खडा. आजोबांना झाला, वडिलांना झाला, आणि दोघांनाही उपाय एकच, बाळेदिंडूचा रस. बाळेदिंडू म्हणजे केळीच्या खोडातला पांढरा गाभा. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेले मराठी; भाज्यांची नावं कन्नडमध्येच तोंडात बसली आहेत.

म्हणून गेल्या वर्षी लघवीला फेस येऊ लागला आणि संध्याकाळी मोज्यांचे वळ घोट्यावर खोल उमटू लागले, तेव्हा निदान मीच केलं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी हिशेब बघतो. भट्टीजवळ काम करून खडे झालेले बरेच जण तिथे आहेत, त्यामुळे शंकाही आली नाही. रोज सकाळी मापाच्या पेल्याने रस, दुपारी एक शहाळं. एकही दिवस चुकवला नाही.

रस काढून द्यायची माझी थोरली बहीण. अक्का आमच्याकडेच राहते. चकत्या करताना सुटणारा धागा बोटाभोवती गुंडाळत तिने एकदा विचारलं, "दुखतं कुठे?"

"दुखत नाही."

"स्वल्पसुद्धा नाही?"

"नाही गं."

तिने विळी आडवी केली. "बाबांचा खडा सरकला की शेजारचे धावत यायचे. आणि तू खडा घेऊन पेपर वाचतोस? हा कसला सोवळा खडा?"

"प्रत्येकाचं वेगळं असतं, अक्का."

"सरी, ठीक आहे. मग रसही तुझा तू काढ. तपासून आल्याशिवाय मी देणार नाही."

चिडूनच गेलो तपासायला.

खडा नव्हताच. साखरेच्या आजाराची गोळी मी बरीच वर्षं घेत होतो, आणि गोळी घेतली म्हणजे झालं असं समजत होतो. डॉक्टरबाईंनी कन्नडमध्ये समजावलं: साखरेमुळे किडनीची गाळणी खराब होते आहे, प्रथिनं लघवीतून जात आहेत, रक्तात पोटॅशियम वाढलंय. रस आणि शहाळं, दोन्हींत तेच भरपूर, म्हणून दोन्ही आजपासून बंद. आणखी उशीर केला असता तर डायलिसिसचंच बोलावं लागलं असतं.

"पण आमच्या घरात खडाच होतो," मी म्हणालो.

त्या हसल्या. "मी शिकत होते तेव्हा वॉर्डात जुलाबांनी किडनी बंद पडलेले यायचे, अंगभर सूज आलेली तरुण मुलं यायची. अजूनही येतात. पण आता बाहेरच्या बाकावर बघा. बहुतेक तुमच्यासारखे, साखर आणि बीपीवाले."

"आजार बदलला, की तपासण्या वाढल्या?"

"दोन्ही. कशाचा वाटा किती, ते मला सांगता येणार नाही."

हे उत्तर मला आवडलं. न मोजलेला आकडा त्यांनी दिला नाही, आणि माझा विश्वास तिथेच बसला.

आता जेवणात मीठ कमी, गोळ्या वेळेवर, ठरल्या दिवशी रक्त तपासायला द्यायचं. क्रिएटिनिन गेल्या काही खेपा जिथल्या तिथे आहे. बरा झालो असं नाही, बाईही तसं म्हणत नाहीत. पण आहे ते टिकून आहे, सकाळी मी कामाला जातो, संध्याकाळी घरी येतो. त्या बाईंचे आणि अक्काचे उपकार मी रोज आठवतो. अक्काला मात्र तसं म्हटलं की ती उठून आत जाते.

परवा तिने बाळेदिंडूची कोशिंबीर केली आणि सगळ्यांना वाढली. माझ्या ताटाशी आल्यावर वाडगा तसाच पुढे नेला.

"स्वल्प?" मी विचारलं.

"दुखतंय का कुठे?"

"नाही."

"मग गप जेव."