एकवीस घरं, एक ईमेल

ज्या वर्षी बोंडअळीनं आमच्या भागातला कापूस झाडावरच संपवला, त्या वर्षी माझ्या इनबॉक्समध्ये अकरा हजार न वाचलेले मेल होते आणि त्यांतले माझे स्वतःचे फार तर नऊ असतील.

बाकीचे सगळे भावकीचे. मी बोरी अरबचा. विहारामागच्या आमच्या गल्लीत एकवीस घरं आणि एकवीसही मनवर. त्या सुमाराला जे ते ऑनलाइन झालं होतं. पीकविमा ऑनलाइन, बोंडअळीची मदत ऑनलाइन, कापूस विकायची नोंदणी ऑनलाइन, पोरांची शिष्यवृत्तीही ऑनलाइन. प्रत्येक फॉर्मवर ईमेलच्या रकान्यापुढे लाल चांदणी असे आणि तो रकाना भरल्याशिवाय फॉर्म हलत नसे. स्टँडजवळचा ऑनलाइनवाला गजानन विचारायचा, "ईमेल सांगा." समोरचा मनवर म्हणायचा, "आमच्या परकाश मास्तरचा टाक ना!" पुढे पुढे गजानननं विचारणंच सोडलं. आडनाव कानावर पडलं की त्याची बोटं माझा पत्ता टाइप करून मोकळी व्हायची.

सुरुवातीला मला यात मोठेपणा वाटला, हे कबूल करतो. गल्लीत एक हातपंप असावा, तसा माझा ईमेल होता. पण हातपंपाला निदान झोप येत नाही. मी जवळच्या खेड्यावरच्या शाळेत पहिली ते चौथी एकट्यानं शिकवून घरी यायचो, तर ओसरीवर तीन मनवर बसलेले.

"गुर्जी, माहा मेल आला काय?"

"कोणत्या योजनेचा?"

"थे मले काय मालूम? मेल आला काय, एवढंच सांगा ना!"

सगळ्यांत चिकाटीचे आमचे उत्तमकाका. वडिलांचे चुलतभाऊ, पाच एकरवाले. ते खिशातून हिरवं बोंड काढून माझ्या कीबोर्डवरच फोडायचे. आतली गुलाबी अळी निवांत 'एन'वरून 'एम'वर चालत जायची. "हे पाय परकाश," काका म्हणायचे, "इलेच मेलवर धाडता येते काय सायबाले? म्हंजे फोटो काढाची झंझट न्हाई." मी हसायचो. काका हसायचे नाहीत, मग मीही थांबायचो.

त्यात काकांनी मुलाचं नाव लग्न जुळवणाऱ्या एका साइटवर घातलं. पत्ता अर्थातच माझा! झालं. रोज सकाळी 'प्रिय मनवर, या सहा मुली तुमची वाट पाहत आहेत' असा मेल यायला लागला. एका शनिवारी माझी बायको घरी आली असताना तिनं तो उघडला.

"हे वर्ध्याची एम.ए. बी.एड. कोन होय?"

"काकाच्या पोरासाठी हाय ते!"

"अन् प्रिय कोन होय? थो काकाचा पोरगा, का तुम्ही?"

बायको 'घरी आली असताना' असं म्हटलं, कारण ती घरी नसायचीच. सुनंदा आरोग्यसेविका. तिची नेमणूक मुकुटबनकडे, माझी दारव्ह्याकडे. जिल्हा एकच, पण मध्ये दोन एसट्या, एक काळीपिवळी आणि पाच तास. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्यातली सहा आम्ही शनिवार-रविवारची काढली होती. ती शनिवारी संध्याकाळी यायची, रविवारी माझ्या आठवड्याच्या पोळ्यांची सोय लावायची आणि दुपारी पुन्हा स्टँडवर. दमायची इतकी की एकदा बसमध्ये लागलेली झोप तिला ओसरीवर चप्पल काढतानाही मोडवली नाही. ती आमचं दार सोडून शेजारच्यांच्या घरात शिरली आणि त्यांच्या खाटेवर झोपली. (तेही मनवरच. त्यांनी पांघरूण घातलं आणि मला निरोप पाठवला.)

त्या वर्षी तिनं पती-पत्नी एकत्रीकरणात बदलीचा अर्ज केला होता. आमच्याकडच्या एका केंद्रात जागा रिकामी होणार होती. कार्यालयातून सांगितलं होतं, मेल येईल, तीन दिवसांत संमती कळवा, नाही कळवलं तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाईल. मेल कोणत्या पत्त्यावर येणार होता, हे सांगायला नको. तिला स्वतःचा ईमेल काढायचा होता, पण "एका घरात दोन ईमेल कायले?" असं मीच म्हणालो होतो, जणू ईमेलला महिन्याचं भाडं पडतं!

जाताना ती स्टँडवर म्हणाली, "त्या उकिरड्यात माहा मेल दिसन काय तुमाले?"

"साफ करतो ना मी सगळं!"

"तुम्ही साफ नोका करू. तुम्ही फक्त पाहा."

बायकोचं इतकं स्पष्ट वाक्य न ऐकणारा नवरा एकच असू शकतो, आणि त्याच आठवड्यात त्याला दारव्ह्याला संगणक प्रशिक्षणाला बोलावलं. प्रशिक्षक उत्साही होता. त्यानं फिल्टर शिकवला. मेलसाठी एक चाळणी लावायची. अमुक शब्द असला की मेल आपोआप अमुक कप्प्यात. हातही लावायला नको! चाळीस मास्तर पंख्याखाली पेंगत होते. मी एकटा वहीत लिहून घेत होतो. अकरा हजार मेलवाल्याला झोप कशी येईल?

घरी येऊन कामाला लागलो. 'बोंडअळी' एका कप्प्यात, 'विमा' दुसऱ्यात, 'परीक्षा' तिसऱ्यात, सहा मुली चौथ्यात. बियाण्यांच्या जाहिराती थेट कचऱ्यात. (अळी लागणारच नाही, असं त्याच बियाण्यांबद्दल छापलेलं होतं.) तरी चार हजार उरले. कारण विम्याचा मेल इंग्रजीतून यायचा, मदतीचा मराठीतून, आणि काही मेल कशाबद्दल आहेत हे पाठवणाऱ्यालाही कळलं नसावं. मी डोकं धरून बसलो. आणि मला सुचलं! या सगळ्या मेलांत एक शब्द हमखास असतो. आडनाव!

मी फिल्टर लिहिला: ज्या मेलात 'मनवर' हा शब्द मराठीत किंवा इंग्रजीत असेल, तो मेल 'भावकी' नावाच्या कप्प्यात टाक, इनबॉक्समध्ये दाखवू नकोस आणि वाचला आहे असं समज. संगणकानं विचारलं, जुन्या मेलांनाही लावू का? म्हटलं, लाव बाबा, लाव!

इनबॉक्स रिकामा झाला. संपूर्ण! पांढरा स्वच्छ पडदा. मी पाच मिनिटं नुसता त्याच्याकडे बघत बसलो. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा खांदे खाली आले. उत्तमकाकांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "सगळं गेलं काय बे?" मी म्हटलं, "गेलं न्हाई काका, लायनीत लागलं."

त्या रात्रीपासून सुनंदाचा रोज फोन.

"आला काय?"

"न्हाई. चिटपाखरू न्हाई इनबॉक्सात!"

दुसऱ्या दिवशी, "आज?"

"एकदम कोरा! तू पाह्यशीन तं खुश होशीन."

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "नीट पाहा ना हो. इतल्या केंद्रातल्या पार्वताबाईले तिच्या बदलीचा आला."

"अवो, न्हाईच तं काय पाहू? दिवसातून दहादा उघडून राह्यलो मी!"

हे खरं होतं. मी दहादा उघडत होतो. रिकामा इनबॉक्स पाहायला मला इतकं आवडत होतं की मी मधल्या सुट्टीतही उघडायचो. फोनवर तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत होता आणि मी तिला स्वच्छतेचं वर्णन ऐकवत होतो. पाचव्या दिवशी तिनं 'आला काय' विचारलंच नाही. "जेवले काय?" एवढंच म्हणाली. आपलं नाव यादीतून गळलं, असं तिनं मनाशी धरलं होतं. मी तिची समजूत काढली. (हो, मी! समजूत!)

सहाव्या दिवशी उत्तमकाका आले. त्यांना मदतीच्या अर्जाचा क्रमांक हवा होता. मी ऐटीत म्हटलं, "बसा काका, आता एका मिनिटात सापडते." आणि 'भावकी'चा कप्पा उघडला. काका चष्मा पुसून माझ्या खांद्यावरून वाचायला लागले. एकेक अक्षर मोठ्यानं वाचायची त्यांची सवय.

"उत्तम... मनवर... हा माहाच हाय. मंग हे कोन होय? सौ... सुनंदा... परकाश... मनवर... आपणास... कळविण्यात येते की..." काका थांबले. "अबे परकाश, हे तं आपली सुनंदा होय!"

मी मेलवरची तारीख पाहत होतो.

"मंग तिचा मेल भावकीत कायले टाकला तू?"

"काका, तिचं आडनाव..."

"मनवर हाय," काका म्हणाले. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अन् तुहं काय हाय?"

मेल आला होता फिल्टर लावला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तीन दिवसांनी आठवण करून देणारा आणखी एक. दोन्हींवर संगणकानं माझ्या वतीनं 'वाचला' अशी नोंद करून टाकली होती. गल्लीतल्या एकवीस घरांना एका ओळीत बाजूला सारताना त्यातलं एक घर माझं आहे, हे मला आठवलं नव्हतं. भावकी म्हणजे बाकीचे, असंच माझ्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून यवतमाळ गाठलं. कार्यालयातल्या बाई फार सज्जन होत्या, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. "सर, दोन मेल पाठोले ना आम्ही. तुमाले नोको हाय, असं वाटलं. कालच दुसऱ्या बाईची ऑर्डर निंगाली."

"म्याडम, तो मेल चुकून दुसऱ्या कप्प्यात गेलता."

"कोनाच्या चुकीनं?"

मी म्हटलं, "संगणकाच्या." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी म्हटलं, "माह्या."

तिथून घरी न येता मी उलटा मुकुटबनला गेलो. हे फोनवर सांगायची हिंमत नव्हती. त्या दिवशी तिचं लसीकरण होतं. पन्नास पोरं एका सुरात रडत होती, आणि मी त्या गर्दीत उभा राहून बायकोला फिल्टर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिनं एका बाळाच्या मांडीला कापूस दाबून धरला होता. तो तसाच धरून ती म्हणाली, "म्हंजे थो मेल आला होता."

"हाव."

"अन् मी तुमाले रोज विचारत होती."

"हाव."

ती चिडली असती, ओरडली असती, तर मला बरं वाटलं असतं. तिनं पुढच्या बाळाला घेतलं. संध्याकाळी खोलीवर चहा करून दिला आणि पाठ करून उभी राहिली. खांदे हलत होते. एसटीतून सुटायची तिची संधी मी एका बोटाच्या क्लिकवर हिरावून घेतली होती. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही.

रात्री तिनं स्वतःचा ईमेल उघडला. माझी मदत घेतली नाही. आणि मला म्हणाली, "आता मी न्हाई येत तिकडे. तुम्ही या इकडे. अर्ज करा. अन् ईमेलच्या जागी माहा टाका."

मी निमूटपणे टाकला. दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात शनिवारी एसटीत बसणारा मी होतो. मग एका सोमवारी तिचा फोन आला. "तुमच्या बदलीचा मेल आला. इतली शाळा हाय. तीन दिवसांत हो का न्हाई थे कळवाचं हाय."

मी ओरडलोच. "कळव ना मंग! आत्ताच कळव!"

"पाह्यते," ती शांतपणे म्हणाली. "विचार करून राह्यली मी."

आणि फोन ठेवला. मग उचलेचना! मी मेल लिहायला बसलो. पहिल्या दिवशी पाच, दुसऱ्या दिवशी आठ. विनवण्या केल्या, माफी मागितली, लग्नाच्या दिवसाची आठवण काढली, एकात तर चार ओळी जुळवूनही टाकल्या. एकालाही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला तिनं कळवलं, "हो म्हटलं. या."

मुकुटबनला सामान घेऊन उतरलो तेव्हा कळलं की ती माझा एकेक मेल आल्या आल्या वाचत होती. आणि मोठ्यानं. दवाखान्याच्या ओट्यावर, केंद्रातल्या सगळ्या बायांना बसवून.

अजूनही बाजारात कोणीतरी बाई भाजी निवडता निवडता मला थांबवते आणि फार काळजीनं विचारते, "गुर्जी, थो सातवा मेल लिवताना तुम्ही खरंच रडले होते काय हो?"