फक्त शेवट पाहणारा माणूस

आमच्या थिएटरातल्या दारवाल्या मामांनी आयुष्यात एकही चित्रपट पहिल्यापासून पाहिला नाही. पाहिले ते फक्त शेवट. कामच तसं होतं. खेळ सुरू झाला की ते बाहेरच्या बोळात स्टूल टाकून बसायचे आणि संपायच्या बेताला आत शिरून, पडद्याच्या डाव्या अंगाला, बाहेर जायच्या दाराशी उभे राहायचे. शेवटचं दृश्य विझलं की कडी वर, खटका खाली आणि दोन्ही फळ्या धाडकन भिंतीला. उजेड दिसला की लोक उठायचे. नायक-नायिकेची ओळख कशी झाली, भांडण कशावरून झालं, याची मामांना गंधवार्ता नसायची. शेवटी ती भेटली, एवढं मात्र ते छातीठोकपणे सांगायचे.

मी त्याच थिएटरात चहाचं कँटीन चालवतो. माझी गत त्यांच्याहून वाईट. माझी भिंत पडद्याच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे मला चित्रपट नुसता ऐकू येतो. गाणी, हाणामाऱ्या, रडारड, सगळं भिंतीतून गाळून. आणि बाहेर पडणारा प्रत्येक प्रेक्षक माझ्या काउंटरवर थांबून मत देतो. न मागता देतो. इतक्या वर्षांत माझी पक्की खात्री झाली आहे, की माणसाला चहापेक्षा मत देण्याची तलफ मोठी असते.

मामांना सगळं थिएटर मामा म्हणायचं, खरा भाचा एकही नव्हता. एक मुलगा होता. लहान असताना तो रोज जेवताना बापाकडून त्या दिवसाचा शेवट ऐकायचा आणि त्याला साजेशी सुरुवात स्वतः रचून सांगायचा. मामी, म्हणजे मामांची बायको, म्हणायच्या की खऱ्या चित्रपटापेक्षा ह्याचंच बरं असतं. पोरगा मोठा झाला, उंच झाला, मालवाहू जहाजावर नोकरीला लागला, आणि एका सफरीत ते जहाज वादळात सापडलं. ना जहाजाचा पत्ता लागला, ना माणसांचा. कंपनीचा एक माणूस घरी आला, खुर्चीच्या कडेवर टेकला, जमिनीकडे बघत बोलला आणि निघून गेला.

मामींनी दुःखाला मोकळी वाट दिली. हंबरडा फोडला. जेवण सोडलं. नंतर नंतर पोराचं ताट वाढून समोर बसायला लागल्या. रस्त्यात त्याच्या चालीचा कुणी दिसला की त्याच्या मागोमाग जायच्या. एकदा भर दुपारी भलत्याच गल्लीत अनवाणी उभ्या सापडल्या, तेव्हा मामांनी हाताला धरून घरी आणलं. आणि मामा? मामा दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला हजर होते. दार उघडलं, लोक गेले, दार लावलं. पोराबद्दल त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. आम्ही सगळे म्हणायचो, मामा खमके आहेत म्हणून मामी तगल्या.

मग मामींच्या हाती पोराची आवडती कादंबरी लागली. जगबुडीची होती. सूर्य विझत जातो, आभाळातून राख पडत राहते, गावं एकेक करून गप्प होतात. टेकडीवरच्या घरात एक आई दिवा लावून बसलेली असते. तिचा मुलगा माणसं शोधायला म्हणून गेलेला असतो. शेवटच्या पानावर दिव्यातलं तेल संपत येतं, तशी ती वाट पाहायची थांबते आणि आपल्या हातानं वात विझवते. काळोख. पुस्तक तिथंच संपतं. मामींनी ते किती वेळा वाचलं देव जाणे. मला एकदा म्हणाल्या, "त्या बाईला जमलं, मग मला का जमू नये?" हळूहळू त्या दोन घास नीट खायला लागल्या, झोपायला लागल्या. पोराचे कपडे त्यांनी स्वतः गरजूंना देऊन टाकले. मला ते पुस्तक वाचायचा धीर झाला नाही, पण त्याच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे.

आणि त्याच कादंबरीवरचा चित्रपट आमच्याकडे लागला.

पहिल्या दिवशी दुपारी भिंतीतून नुसता वारा ऐकू येत होता. गाणं नाही, हाणामारी नाही. वारा, आणि मधूनच कुणाचं तरी खोकणं. रोजच्या बरण्या, रोजचे कप, पण मला त्यांच्याकडे बघवेना. मग वारा थांबला, आणि अशी काही शांतता पसरली की मी किटलीखालचा गॅस बारीक केला.

आत पडदा काळाकुट्ट झाला होता. इतक्या वर्षांच्या सवयीनं मामांनी ताडलं, संपला. कडी वर, खटका खाली, दार सताड. ऊन आत घुसलं आणि खालचे लोक उठून बाहेर पडू लागले. पण चित्रपट संपला नव्हता. तो काळोख मुद्दाम लांबवलेला होता. त्यानंतर दारावर थाप पडते. आई चाचपडत उठते, दार उघडते, तर उंबऱ्यात मुलगा उभा, खांद्यांवर राख. "हात धुऊन घे," एवढंच ती म्हणते, आणि मग संपतो. हे बाल्कनीतल्या लोकांनी पाहिलं, कारण त्यांचं दार वेगळं. खालच्यांना उन्हामुळे दिसलं नाही आणि गलक्यामुळे ऐकूही आलं नाही.

झालं. माझ्या काउंटरवर जुंपली.

"असा शेवट करायला छाती लागते," खालून आलेला एक चष्मेवाला म्हणाला. त्यानं कादंबरी वाचलेली होती आणि ते तो कुणाला विसरू देत नव्हता. "कुणी म्हणजे कुणी उरत नाही. अगदी पुस्तकाबरहुकूम."

"उरत कसं नाही? पोरगा येतो की परत!" वरून उतरलेली एक बाई डोळे पुसत म्हणाली.

"बाई, तुमचा डोळा लागला असेल."

"डोळा तुमचा लागला असेल! धडधडीत उभा होता दारात."

एक नवराबायको तर घरून भांडून आल्यामुळे, ती वर आणि तो खाली, असे बसले होते. त्यांना भांडायला नवा विषय मिळाला. ऑपरेटरनं केबिनमधून खाली येऊन मामांची खरडपट्टी काढली, मॅनेजरनं ताकीद दिली, आणि पुढच्या खेळापासून मामा कडीवर हात ठेवून काळोख सरायची वाट पाहू लागले. पण वाद कसला थांबतोय! न्हाव्याच्या खुर्चीत तोच, बसथांब्यावर तोच. खालच्यांनी परत येऊन पूर्ण शेवट पाहिला, तेव्हा कुठे खरे दोन तट पडले. पुस्तकवाले म्हणायचे, ही भेसळ आहे, मेलेल्याला आणून उभं केलंय, फार तर तो त्या आईला झालेला भास असेल, खरा पोरगा येतच नाही. बाकीचे म्हणायचे, अहो, माणसाला घरी जाताना काहीतरी हातात नको का? मॅनेजर मात्र खूश. गर्दी हटत नव्हती.

मला तो चित्रपट सोसत नव्हता, खरं सांगतो. बाहेर येणारी माणसं कप हातात धरून तशीच उभी राहायची, चहावर साय धरेपर्यंत. एक म्हातारा यायचा, काही न घेता आभाळाकडे बघायचा, अजून उजेड आहे ना एवढं पाहायचा आणि जायचा. रात्री घरी गेल्यावरही माझ्या कानात वारा असायचा.

आणि मामांचं काहीतरी बिनसलं होतं. त्यांचं बोळातलं स्टूल आता लवकर रिकामं व्हायचं. पुन्हा चूक नको म्हणून आधी आत जात असतील, असं मी धरून चाललो. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. एकदा काउंटरशी येऊन विचारलं, "तुला भिंतीतून थाप ऐकू येते का रे?"

"येते की."

"दर खेळाला?"

"अहो मामा, तोच चित्रपट आहे. दर खेळाला तीच थाप असणार."

त्यांनी मान हलवली, पण माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं असावं असं वाटलं नाही. म्हणाले, "हिला बघायचाय हा."

"मग आणा."

"वेडा आहेस का? त्या पुस्तकानं सावरलीय ती. इथं तो पोरगा दारात येऊन उभा राहतो. पुन्हा ताट वाढून बसली तर मी काय करू? रस्त्यानं पुन्हा अनवाणी फिरायला लागली तर?"

मामांना एका दमात एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचं सगळं ठरलेलं होतं. मामींना दाराशेजारच्या खुर्चीत बसवायचं. काळोख झाला की पहिल्या दिवशीसारखं दार उघडून टाकायचं. मामी पुस्तकातलाच शेवट घेऊन बाहेर येतील, मी त्यांना चहाला थांबवायचं. लोक ओरडतील, मॅनेजर शिव्या देईल, त्या मामा खातील.

"मामा, हे काही खरं नाही," मी म्हणालो. "एवढा बोभाटा झालाय. मामींच्या कानावर गेल्याशिवाय राहिलं असेल का?"

"कानावर जाणं वेगळं," मामा म्हणाले. "तो समोर उभा राहतो ना, ते वेगळं."

मामी आल्या त्या नीटनेटक्या होऊन, जरा लाजतच. नवऱ्याच्या थिएटरात त्या कितीतरी वर्षांनी येत होत्या. मला हसून म्हणाल्या, "चहा चांगला कर हं, मागाहून येते." मग वारा सुरू झाला. मी गिऱ्हाइकांवर उगाचच खेकसत राहिलो. वारा थांबला, शांतता झाली, आणि दाराच्या फळ्या धाडकन भिंतीवर आपटल्या.

आतून आरडाओरडा झाला. "ओ मामा! झोपलात का!" काही लोक सवयीनं बाहेर आले, काही आत बसून बोंबलत राहिले. मामी बाहेर आल्या. डोळे कोरडे होते. माझ्या बाकावर बसून त्यांनी चहाचा घोट घेतला.

"पुस्तकासारखाच आहे," त्या म्हणाल्या. "वात विझवते ते फार छान केलंय त्या बाईनं."

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, मामांनी जिंकलं. तेवढ्यात मामींनी दाराकडे पाहिलं. लोक बाहेर पडत असले की मामा नेहमी फळीला पाठ लावून उभे असतात. आज तिथं कुणी नव्हतं.

"हे कुठे राहिले?"

"येतील मामी, बसा तुम्ही."

"पण आत कशाला थांबलेत? संपला ना?"

मला खोटं सुचेना. त्यांनी कप खाली ठेवला आणि उठून आत गेल्या. मी काउंटर तसाच टाकून मागोमाग धावलो.

उन्हानं पडदा फिका पडला होता. मामा पडद्याच्या अगदी खाली, मान वर करून उभे होते. थाप पडली. भिंत मध्ये नसताना मी ती पहिल्यांदाच ऐकली. आईनं दार उघडलं. पोरगा उंबऱ्यात उभा राहिला, उन्हात पुसट झालेला, नुसता आकार. मामांनी दोन्ही हात थोडे पुढे केले.

"आलास?" ते म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वाट पाहणं मामींचं कधीच संपलं होतं. पाहत होते ते मामा. दार लावताना, उघडताना, बोळात बसून, कुणाला कळू न देता, इतकी वर्षं. आणि आता दर खेळाला पोरगा येत होता.

मामींनी पडद्याकडे एकदाच पाहिलं. मग जाऊन नवऱ्याचा दंड धरला.

"आपला नाहीये हो तो."

"माहितीये मला," मामा म्हणाले. "पण उभा तसाच राहतो गं."

"हो. तसाच राहतो. चला आता."

ती दोघं दारातून उन्हात आली तेव्हा काउंटरसमोर नेहमीची जुंपलेली होती. चष्मेवाला आजही आला होता, तिसऱ्यांदा की चौथ्यांदा कोण जाणे. मामांना पाहताच तो पुढे झाला.

"हे बघा, मामांनाच विचारा! दर खेळाला बघतात ते. मामा, सांगा यांना एकदाचं. पोरगा खरंच येतो, की येत नाही?"

मामांनी मामींकडे पाहिलं. मामींनी दंड सोडला नाही. मामांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"नाही," ते म्हणाले. "नाही येत."

"ऐका!" चष्मेवाल्यानं टाळी पिटली, आणि पुस्तकवाल्यांनी हसत त्याच्या सुरात सूर मिळवला. त्या टाळ्यांमध्ये मामा माझ्या बाकावर मटकन बसले आणि तोंड ओंजळीत धरून मोठमोठ्यानं रडायला लागले. टाळ्या थांबल्या. मी पाण्याचा पेला घेऊन पुढे गेलो, तर मामींनी हातानंच मला अडवलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "रडू दे त्यांना. इतकी वर्षं राहिलं होतं."