प्रश्नांच्या चिठ्ठ्या

माझ्याकडचे सगळे किस्से हे आधी धसके होते. धसका बसतो तेव्हा जेवण जात नाही. महिनाभरानं त्याच गोष्टीवर मेसमध्ये सगळे हसतात, आणि मग हळूच मीही. वाशीमच्या आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात चौथ्या वर्षाला मी गुरुवारच्या व्याख्यानांची को-ऑर्डिनेटर झाले आणि हा साठा भलताच वाढला.

को-ऑर्डिनेटर कशी झाले? आमच्या प्राचार्य मॅडमनी वर्गात विचारलं, "यंदा कोण करणार?" नेमका त्याच क्षणी माझ्या हातातून रेघा मारायचा लांब टी-स्क्वेअर खाली पडला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. झालं.

*

पहिलं व्याख्यान प्रकाशावर होतं. पाहुणे नागपूरचे. पुढच्या ओळीत आमच्या संस्थेचे सचिव. त्यांना सगळे भाऊच म्हणतात. पाहुणे दीड तास बोलले आणि हसून म्हणाले, "काही प्रश्न?"

हॉलभर पोरं, आणि फक्त पंख्याचा आवाज. मी मनात आकडे मोजायला लागले. बाविसाव्या आकड्याला मागून एक हात वर आला. जीव भांड्यात पडला माझा.

"सर, रिठदची गाडी पाचची हाय. जाऊ का?"

दुसऱ्या दिवशी भाऊ मॅडमच्या केबिनमध्ये आले. मी फाईल घेऊन दारातच उभी होते, म्हणून सगळं ऐकलं. "पोराईले प्रश्नच पडत नाई मॅडम. मंग एवढा मोठा हॉल कायले पायजे? मधात पार्टिशन टाकू, दोन वर्ग निघतात. यंदाचे व्याख्यानं होऊन जाऊ द्या, मंग पाहू."

संध्याकाळपर्यंत कोणीतरी टेप लावून हॉलच्या मधोमध खडूची रेघ मारूनही गेलं होतं.

तो हॉल म्हणजे आमची ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर डिझाइन मांडणं, आमची प्रदर्शनं, पाचही वर्षांनी एकत्र बसायची एकच जागा. आणि तो जाणार तो माझ्या वर्षी! मॅडम मला एवढंच म्हणाल्या, "आश्विनी, यापुढे शांतता नको."

म्हणून मी चिठ्ठ्या सुरू केल्या. व्याख्यानाच्या आधी प्रश्न लिहायचे, ज्युनियर्समध्ये वाटायचे, वेळ आली की त्यांनी उठून वाचायचे. माझी रूममेट फिरदोस म्हणाली, "हे तं पेपर फोडल्यासारखं झालं वं." त्या रात्री मला झोप लागली नाही.

*

दुसऱ्या पाहुण्यांचा विषय होता विटांचं बांधकाम. मी पहिली चिठ्ठी दिली पूनमला. पूनम जऊळक्याची, दुसऱ्या वर्षाला, आवाज असा की माईकची गरज नाही. चिठ्ठीत लिहिलं, "सर, तुम्ही विटेचाच आग्रह का धरता?"

पाहुण्यांनी पेनड्राइव्ह लावला, तो निघाला दुसराच. "हरकत नाही," म्हणाले, आणि तासभर बांबू दाखवला.

मी मागच्या भिंतीपाशी उभी राहून पूनमला दोन्ही हातांनी नको नको करत होते. तिनं मान डोलावली, उठली आणि खणखणीत वाचलं, "सर, तुम्ही विटेचाच आग्रह का धरता?"

पाहुणे गोंधळले. "मी आज वीट दाखवलीच नाही."

पूनमनं चिठ्ठीत पाहिलं. काही सुटू नये म्हणून शेवटची ओळही मीच लिहून दिली होती.

"धन्यवाद सर, तुम्ही खूप छान समजावून सांगितलंत," म्हणाली आणि बसली.

नंतर मी तिला गाठलं. "अगं, मी नको म्हणून हात हलवत होते ना!"

"मले वाटलं, ताई जोरात वाच म्हणून राह्यली."

भाऊंनी मान वळवून पूनमकडे बराच वेळ पाहिलं होतं. त्या पाहण्यानंच मी आठवडाभर जेवले नाही नीट.

*

बॅनरचं तर मी कोणाला सांगणारच नव्हते.

आम्ही सगळं स्केलमध्ये, म्हणजे खऱ्यापेक्षा कितीतरी पट लहान काढतो. हात तसाच वळलाय. दहा फुटांचा बॅनर मी कॉम्प्युटरवर एकास दहा काढला आणि फाईल फ्लेक्सवाल्याला पाठवली. पुढच्या व्याख्यानाला तासभर राहिला असताना तो गुंडाळी घेऊन आला. गुंडाळी शर्टाच्या खिशात होती.

"दादा, बॅनर कुठाय?"

"हा काय. तुमी जेवढा पाठवला, तेवढाच काढला ताई. मी बी म्हटलं, कॉलेजवाले लोकं हायेत, कायतरी नवीन असंन."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फिरदोसनं तो फूटभर बॅनर स्टेजच्या मागच्या भल्यामोठ्या पांढऱ्या भिंतीवर बरोबर मधोमध चिकटवला. मग पेन काढून त्याखाली सुबक अक्षरात लिहिलं, "स्केल १:१०".

पाहुण्यांनी बोलायच्या आधी त्याचा फोटो काढला.

*

मग दुसऱ्या वर्षाचं खुर्च्यांचं प्रदर्शन. खोक्यांच्या पुठ्ठ्याची खुर्ची करायची, खिळा नाही, डिंक नाही, नुसत्या खाचा. सगळ्या खुर्च्या हॉलमध्ये मांडल्या. उद्घाटनाला भाऊ.

भाऊंसाठी ठेवलेली खरी खुर्ची कोणीतरी फोटोसाठी बाहेर नेली होती. भाऊ आले, इकडेतिकडे पाहिलं आणि समोरच्या खुर्चीत बसले. ती पूनमची होती. फ्रिजच्या खोक्याची. पूनमनं ती फक्त आपल्या धाकट्या बहिणीला बसवून तपासली होती, आणि बहीण चौथीत आहे.

उठा म्हणावं, तर उठताना मोडेल. बसू द्यावं, तर बसल्या बसल्या मोडेल. मॅडमनी डोळे मिटून घेतले. भाऊंना गुडघ्याचा त्रास, त्यामुळे भाषण त्यांनी बसूनच केलं. वीस मिनिटं. मधे एकदा ते टेकून बसले, तेव्हा खालून कर्र असा आवाज आला. पूनम माझ्या दंडात नखं रुतवून पुटपुटली, "ताई, डाव्या पायाची खाच कमी पडली माही."

"श्वास घे वं," फिरदोस मला म्हणाली.

भाऊ उठले. खुर्ची उभीच होती. जाता जाता मॅडमना म्हणाले, "यावेळेस खुर्च्या बऱ्या आणल्या. मागच्या लय टोचत होत्या."

*

आणि मग वर्षाचं शेवटचं व्याख्यान. यानंतर भाऊ हॉलचं ठरवणार, हे एव्हाना वॉचमनलाही माहीत होतं.

पाहुण्या होत्या जुन्या बारवा, पायऱ्यांच्या विहिरी, दुरुस्त करणाऱ्या एक बाई. वय झालेलं, आवाज बारीक. मी पाच चिठ्ठ्या पाच जणांना दिल्या होत्या, पाठ करून घेतल्या होत्या. बाई स्टेजवर चढत होत्या, तेवढ्यात पुढच्या ओळीतून भाऊंनी मला बोटानं बोलावलं.

मी त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन वाकले.

"किन्हीराजाची ना तू?"

"हो भाऊ, तेच गाव."

"त्या चिठ्ठ्या तूच लिहितं ना?"

मी मान हलवली. आता हॉलही गेला आणि मीही गेले.

भाऊ आणखी वाकले. "मंग मले बी एक दे."

मी कान पुढे केला.

"कार्यक्रमाचा अध्यक्ष म्हणून दरवेळी पुढं बसवता मले. एखादा प्रश्न इचारला पायजे मीनं. पण काय इचारावं तेच समजत नाई. मी सातवीपर्यंतचा माणूस."

सहावी चिठ्ठी नव्हती. मी आभाराच्या भाषणाचा कागद अर्धा फाडला आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं. डोक्यात त्या महिन्यात एकच गोष्ट होती, जे आलं ते लिहिलं. भाऊंनी तो न वाचताच घडी घालून खिशात ठेवला. आपण काय लिहिलं हे मला मागच्या खांबापाशी परत आल्यावर कळलं. पण भाऊंच्या खिशातून कागद काढून कोण घेणार?

बाई तासभर बोलल्या. मी एक शब्द ऐकला नाही.

"काही विचारायचंय कोणाला?"

माझे पाचही जण उठायच्या बेतात होते, पण भाऊ उभे राहिले तसे जागच्या जागी थांबले. भाऊंनी चष्मा लावला, घडी उलगडली आणि एकेक शब्द वाचला.

"जी जागा रोज कामी येत नाही, अशी मोठी जागा बांधून ठेवायची कशाला?"

मॅडमनी सावकाश वळून माझ्याकडे पाहिलं. मी खांब धरला.

बाई हसल्या. "चांगला प्रश्न आहे. पण मी आज आले, उद्या जाईन. तुम्ही इथले. तुम्हीच सांगा ना."

भाऊंनी चिठ्ठी उलटून पाहिली. मागे माझ्या आभाराच्या अर्ध्या ओळी होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि हॉलकडे तोंड केलं. खिडक्यांच्या कट्ट्यांवर पोरं दाटीवाटीनं बसली होती. पहिल्या वर्षाच्या मुली खाली सतरंजीवर होत्या. मागे दाराशी ऑफिसातली माणसं उभी होती. भाऊ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहत राहिले. पंख्याचा आवाज येत होता. या वेळी मी आकडे मोजले नाहीत.

"असं बसायले," भाऊ म्हणाले, आणि बसले.